बाबांना घरी आणा, पण नळीचं आधी विचारा

ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे ७४ वर्षांचे सासरे बाथरूममध्ये पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. खासगी रुग्णालयात ऑपरेशन झालं, पण पाठोपाठ आठवडाभर त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं आणि त्यात न्यूमोनिया झाला. कफाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, बहुतेक अँटिबायोटिक्सना दाद न देणारा. शेवटी कोलिस्टिनची इंजेक्शनं दिली आणि ते त्यातून बाहेर आले. आता वॉर्डात आहेत, ताप नाही, मऊ भात खातात, वॉकर धरून चालतात. डॉक्टर घरी न्या म्हणतात. मात्र लघवीची नळी अजून आहे, आणि डिस्चार्जच्या आधी केलेल्या लघवीच्या कल्चरमध्ये तोच जंतू पुन्हा आला आहे.

घर एकत्र आहे. धाकट्या जावेचं बाळ पाच महिन्यांचं आहे, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आल्याशिवाय बाबांना आणू नका असं ती म्हणते. दिरांचं म्हणणं, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात हलवू, आणखी स्ट्राँग इंजेक्शन देऊन जंतू मुळासकट काढू. यजमानांना रुग्णालयावर केस करायची आहे. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यांना यातलं काहीच सुधरत नाही. ताईंच्या मनाला वेगळीच बोच लागली आहे. बाबांना सर्दी-खोकला झाला की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून अ‍ॅझिथ्रोमायसिनची पट्टी वर्षानुवर्षं त्याच आणून देत होत्या. ‘बाबांच्या अंगाला औषधं लागू पडेनाशी झाली ती माझ्यामुळे का? त्यांना काही महिने केअर सेंटरमध्ये ठेवावं का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमच्या घरातली सगळी मतं एकाच कागदाभोवती फिरताहेत. औषधांच्या नावांपुढे खालपर्यंत ‘आर’, ‘आर’, ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे ते औषध लागू पडत नाही) अशी रांग दिसली की कोणाच्याही पोटात गोळा येईल. पण त्याच पत्रात एक वाक्य तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. बाबांना ताप नाही, जेवतात, वॉकर धरून चालतात. रुग्णालयात संसर्ग नियंत्रणाची सिस्टर म्हणून मी कित्येक वर्षं काम केलं. असा रिपोर्ट आला की मी आधी पेशंटजवळ जाऊन उभी राहायचे, कागद मग वाचायचे. तुम्हीही तसंच करावं, ही माझी पहिली विनंती. औषधांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांना काय विचारायचं आणि घरच्यांना काय सांगायचं, एवढं मी सांगू शकते.

जंतू अंगात असणं आणि जंतूमुळे आजारी असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. क्लेबसिएला हा आतड्यात राहणारा जंतू आहे. धडधाकट माणसाच्या पोटातही तो मुक्काम करून असतो आणि तिथे तो काही त्रास देत नाही. फुप्फुसात, रक्तात किंवा मूत्रपिंडात शिरला की मात्र आजार होतो. बाबांना न्यूमोनिया झाला तेव्हा तो खरा आजार होता, उपचारांची खरी गरज होती, आणि ते उपचार लागू पडले. आता लघवीत जो जंतू दिसतोय तो बहुधा नळीच्या आधाराने राहिला आहे. कॅथेटर, म्हणजे ही लघवीची नळी, बसवलं की त्याच्या आतून-बाहेरून जंतूंचा एक चिकट थर धरायला लागतो. नळीच्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू सापडण्याची शक्यता साधारण ३ ते ७ टक्क्यांनी वाढते, आणि नळी महिनाभर राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्याच लघवीत ते सापडतात. म्हणूनच ताप नाही, थंडी वाजत नाही, ओटीपोटात किंवा कमरेत दुखत नाही अशा माणसाच्या नळीतल्या लघवीचं कल्चर मुळात करूच नये, आणि केलं तरी केवळ त्या रिपोर्टवरून अँटिबायोटिक सुरू करू नये, असं संसर्गतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन व्हायचं असलेला पेशंट, हे त्यातले मुख्य अपवाद. लघवी गढूळ दिसते, वास येतो, एवढ्यावरून इन्फेक्शन ठरत नाही. पाणी कमी पोटात गेलं तरी लघवी तशी होते.

म्हणजे जाऊबाईंची निगेटिव्ह रिपोर्टची अट कशी आहे बघा. असा जंतू आतड्यात काही महिने राहू शकतो, काहींच्या बाबतीत वर्षाच्याही वर. एकदा तपासणीत दिसत नाही, पुढच्या वेळी पुन्हा दिसतो. आतड्यातून तो कायमचा घालवणारं खात्रीचं औषध आज तरी नाही. उलट अँटिबायोटिक दिलं की पोटातले निरुपद्रवी जंतू आधी मरतात, आणि याला आवरून धरणारे तेच असतात. पीक कापलेल्या मोकळ्या रानात तण माजावं तसा मग हा माजतो. निगेटिव्ह रिपोर्टची वाट बघत बाबा रुग्णालयात राहिले, तर त्या काळात त्यांना दुसराच एखादा नवा जंतू चिकटण्याचा धोका जास्त.

भाऊजींच्या स्ट्राँग इंजेक्शनबद्दल. त्यांची काळजी मला कळते, आणि असं म्हणणारे ते एकटे नाहीत. पण अँटिबायोटिक्सची अशी चढती शिडी नसते, की या पायरीने भागलं नाही तर वरची आहेच. त्या-त्या जंतूला त्या-त्या वेळी लागू पडणारं औषध असतं, आणि क्लेबसिएलाच्या बाबतीत अशी औषधं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. मेरोपेनेम, इमिपेनेम ही कार्बापेनेम गटातली औषधं आयसीयूचा मोठा आधार होती. त्यांना मोडून टाकणारं एनडीएम नावाचं एन्झाइम २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका पेशंटच्या क्लेबसिएलात पहिल्यांदा ओळखलं गेलं. तो पेशंट त्याआधी भारतात रुग्णालयात राहून गेला होता. हे काही लांबचं राहिलं नाही. मार्च २०१० मध्ये मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी लिहिलं की त्यांनी तपासलेल्या, कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ मध्ये हे एन्झाइम होतं. या एन्झाइमचा जनुक एका जंतूकडून दुसऱ्याकडे जातो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडेही, म्हणून त्याचा फैलाव इतक्या झपाट्याने झाला.

बाबांना दिलेलं कोलिस्टिन हे नवं औषध नाही. ते १९५९ पासून वापरात आहे. मूत्रपिंडांना इजा करतं म्हणून १९७० च्या दशकात ते मागे पडलं, आणि पुढे दुसरं काही चालेना तेव्हा परत कपाटातून काढावं लागलं. माणसांसाठी ते शिल्लक राहावं म्हणून २०१९ मध्ये केंद्र सरकारने कोंबड्या आणि इतर खाद्य प्राण्यांना ते द्यायला बंदी घातली. नव्यांपैकी सेफ्टाझिडिम-अ‍ॅव्हिबॅक्टम आणि अ‍ॅझट्रिओनाम ही जोडी एनडीएम असलेल्या जंतूवरही चालते, पण तिचा खर्च दिवसाला हजारोंच्या घरात जातो. ही औषधं बाबांना आज, ते जेवत-चालत असताना, नुसत्या कागदासाठी दिली आणि जंतू त्यांनाही सरावला, तर ज्या दिवशी खरोखर गरज पडेल त्या दिवशी हातात काय राहणार? भाऊजींना एवढा एकच प्रश्न विचारा. मोठ्या हॉस्पिटलात हलवण्याचंही तेच. बाबांना आज असा कोणता उपचार हवा आहे जो इथे मिळत नाही? तसा काही नसेल तर अ‍ॅम्ब्युलन्समधून दुसऱ्या आयसीयूच्या दारात नेण्याने फक्त नव्या जंतूंशी गाठ पडेल.

आता नळीकडे येते, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा माझ्या मते हाच आहे आणि घरात त्यावर कोणीच भांडत नाहीये.

उद्या राउंडला डॉक्टर आले की विचारा, ‘डॉक्टर, बाबांना ही नळी आज कशासाठी आहे?’ ऑपरेशनच्या वेळी ती हवीच होती. आयसीयूत दर तासाची लघवी मोजायची होती, तेव्हाही हवी होती. आता माणूस उठून वॉकर धरतोय. पुष्कळ वेळा नळी राहून जाते ती कोणाला काढायची आठवण नसते म्हणून. कधी घरच्यांनाच ती बरी वाटते, रात्री उठवायला नको, चादर ओली व्हायला नको. मला त्या थकव्याची कल्पना आहे, त्यात मी कोणाला दोष देत नाही. पण ही सोय महाग पडते. नळी निघाली की जंतूंचा तो चिकट थरही तिच्याबरोबर जातो, आणि अनेकांची लघवी पुढे कुठल्याही औषधाशिवाय साफ होते.

बाबांचं वय बघता प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांमधली ग्रंथी) वाढलेली असण्याची शक्यता आहे, म्हणून डॉक्टर कचरत असतील तर तेही रास्त आहे. नळी काढल्यावर लघवी तुंबू शकते. त्यासाठी नळी शक्यतो सकाळी काढतात, बाबांना नेहमीसारखं पाणी पाजतात, ते लघवी करतात का बघतात, आणि सोनोग्राफीने मूत्राशयात किती उरली ते मोजतात. प्रोस्टेटसाठी गोळी सुरू करायची असली तर ती आधी दोन-तीन दिवस देऊन मग नळी काढून बघतात. बद्धकोष्ठ असेल तर आधी ते सोडवायला सांगा. पोट साफ नसलं तर म्हाताऱ्या माणसाची लघवी अडते, आणि ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांनी पोट हमखास बांधून येतं. पहिला प्रयत्न फसला तर नळी पुन्हा बसवून युरॉलॉजिस्टना दाखवायची. मग नळीसकटच घरी यावं लागलं, तरी ती कोणत्या तारखेला काढून बघायची हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. तारीख न घालता नळी घेऊन घरी येऊ नका.

अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या पट्टीबद्दल तुम्ही स्वतःला जे बोल लावून घेताय ते मला फार लागलं. औषधाला दाद न देण्याची ताकद बाबांच्या अंगात आलेली नाही, ती जंतूत आली आहे. आणि हा जंतू त्यांना बहुधा आयसीयूत मिळाला. घशात नळी, शिरेत नळी, लघवीत नळी, एकापाठोपाठ एक भारी अँटिबायोटिक्स आणि शेजारच्या खाटांवर तसेच पेशंट, ही त्याची मोठी कारणं. सर्दीसाठी आणलेल्या पट्ट्यांमुळे बाबांना व्हेंटिलेटरवर हा न्यूमोनिया झाला, असं कोणी म्हणू शकणार नाही. त्या पट्ट्या चांगल्या होत्या असंही मी म्हणत नाही. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंचा असतो, अँटिबायोटिकचा त्यावर काही उपयोग नसतो, आणि प्रत्येक अनाठायी गोळीने पोटातले जंतू औषधाला थोडे-थोडे सरावत जातात. ज्या पट्टीवर उभी लाल रेष आहे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय आणायची नाही, हा नियम आजपासून घरात करा. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी डब्यात जपून ठेवू नका. आणि मागचं ओझं उतरवून टाका, कारण पुढचे काही आठवडे तुम्हाला हातात आणि डोक्यात बळ लागणार आहे.

जाऊबाईंशी बोलताना मात्र त्यांची भीती उडवून लावू नका. ती हवेतली नाही. दिल्लीतल्या तीन रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या रक्तात जाणाऱ्या जंतूंमध्ये असिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हेच पुढे होते, आणि त्यातले कितीतरी बहुतेक औषधांना दाद देत नव्हते. एखाद्या आईने असं काही वाचलं असेल तर तिला झोप कशी लागेल? पण ती बाळं रुग्णालयात होती, बरीच कमी दिवसांची, कमी वजनाची, सलाईन लावलेली. तुमच्या घरातलं बाळ पाच महिन्यांचं आहे. ते पूर्ण दिवसांचं आणि सुदृढ असेल, तर आजोबांशी एका घरात राहण्याने त्याला धोका फार कमी आहे. हा जंतू खोकल्याच्या थेंबांतून गोवरासारखा हवेत पसरत नाही. तो मुख्यतः शी-लघवीतून हातावर येतो आणि हातावरून पुढे जातो. एवढं कळलं की घरात काय करायचं ते आपोआप कळतं. बाळ कमी दिवसांचं असेल, त्याला हृदयाचा किंवा दुसरा काही आजार असेल, तर त्याच्या डॉक्टरांना आधी फोन करा. जाऊबाईंनी तो स्वतः करावा. तुमच्या सांगण्यापेक्षा बाळाच्या डॉक्टरांच्या शब्दाने त्यांना जास्त धीर येईल.

सगळी भिस्त साबणावर. बाबांची लघवीची पिशवी, पॉट, डायपर किंवा मळका कपडा हाताळला की साबण लावून ४० ते ६० सेकंद हात धुवायचे. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखांच्या कडा चोळायच्या आणि कोरड्या नॅपकिनला पुसायचे. हातमोजे घालायला हरकत नाही, पण ते काढल्यावरही हात धुवायचेच. माणसं हातमोज्यांवर विसंबून राहतात आणि तेच हातमोजे घालून दाराची कडी, नळ, मोबाइल सगळ्याला हात लावत फिरतात, हे मी रुग्णालयातही रोज बघायचे. बाबांनीही जेवणाआधी आणि संडासहून आल्यावर हात धुवायचे. त्यांना बेसिनपर्यंत जाणं जमत नसेल तर खाटेजवळ सॅनिटायझरची बाटली ठेवा, मात्र हात मळके दिसत असतील तर साबण-पाणीच हवं.

बाबांना स्वतंत्र खोली मिळाली तर बरं, नाही मिळाली तरी अडत नाही. टॉवेल वेगळा ठेवा. भांडी नेहमीसारखी घासा, ताट-वाटी वाळीत टाकायची काही गरज नाही. कपडे आणि चादरी नेहमीच्या पावडरने धुऊन उन्हात वाळवा, शी-लघवीने मळलेले तेवढे वेगळे भिजवा. संडास एकच असेल तर झाकण लावून फ्लश करायचा, आणि सीट, फ्लशचं बटण, नळाची चावी रोज ब्लीचच्या पाण्याने पुसायची. घरात आधी ओल्या फडक्याने पुसून मग ब्लीच. मळावर ब्लीचचा जोर चालत नाही. बाबांनी हात धुऊन, स्वच्छ कपड्यांत, खुर्चीत बसून नातवाला मांडीवर घ्यायला काहीही हरकत नाही. बाळाला त्यांच्या अंथरुणावर लोळवू नका, आणि डायपर बदलायच्या वेळी त्या खोलीत ठेवू नका. सासूबाईंनीही जवळ बसावं, हात हातात घ्यावा. त्यांची साखर आटोक्यात असू द्या आणि पायाला जखम असेल तर ती झाकलेली राहू द्या.

नळी घरी आलीच, तर पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर टांगलेली हवी. फरशीवर टेकलेली नको आणि चालताना खांद्याला अडकवून वर घेतलेली तर मुळीच नको, त्यातली लघवी उलटी आत जाते. नळी आणि पिशवी जिथे जोडलेल्या असतात तो जोड उघडायचा नाही. रिकामी करायची ती खालच्या तोटीतून, आणि त्यासाठी एक भांडं वेगळं ठेवायचं. ते संडासात धुवायचं, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही. नळी जिथे अंगात शिरते ती जागा आंघोळीच्या वेळी साध्या साबण-पाण्याने धुवायची. डेटॉल, पावडर, मलम काही नको.

ताई, एक विचारू का? ही पिशवी कोण रिकामी करणार, हे तुमच्या घरात बोलून झालंय का? पत्रात केसचं कोण बघणार ते आहे, मुंबईला हलवायचं कोण बघणार तेही आहे. पिशवी, पॉट, आंघोळ, रात्रीचं उठणं हे सगळं न बोलताच तुमच्याकडे येणार असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. यजमानांनी आणि भाऊजींनी डिस्चार्जच्या आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन सिस्टरांकडून हे शिकून घ्यावं. सिस्टर आनंदाने दाखवतात. वाटणीही अशी करा की बाळाचं दूध, खिमटी जी करते तिच्याकडे त्या वेळी बाबांची स्वच्छता नसेल. जाऊबाईंची निम्मी काळजी त्यानेच मिटेल. ब्युरोतून मावशी किंवा मामा ठेवणार असाल तर रिपोर्टबद्दल त्यांना मोकळेपणाने सांगा आणि हात कसे धुवायचे ते पहिल्याच दिवशी करून दाखवा. लपवून ठेवलं तर त्या माणसाचाही अपमान आणि घरालाही धोका.

केअर सेंटरचा विचार बाबांना दोन माणसांनी धरून उठवावं लागत असेल, घरात करणारं कोणीच नसेल, तर जरूर करा. जंतूसाठी म्हणून करू नका. तिथे नळ्या लावलेले, अंथरुणाला खिळलेले अनेक पेशंट एकत्र असतात आणि तेच हात एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. घर त्यापेक्षा सुरक्षित आहे.

आता यजमानांच्या रागाबद्दल. हा संसर्ग रुग्णालयात झाला हे जवळपास नक्की. दाखल होऊन ४८ तास उलटल्यावर जो उद्भवतो तो रुग्णालयातला संसर्ग मानतात. पण तेवढ्यावरून हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. घशातल्या नळीवाटे जंतू खाली उतरतात. उत्तम आयसीयूतही व्हेंटिलेटरवरच्या काही पेशंटांना न्यूमोनिया होतोच. आणि तरीही यातला बराच भाग टाळता येतो, हे मी तितक्याच ठामपणे सांगेन. वॉर्डात पहाटे पाचला लघवीच्या पिशव्या रिकाम्या करायची वेळ असते. वॉर्डबॉय मामा एक मोजपात्र घेऊन निघतात. पहिल्या खाटेची पिशवी त्यात रिकामी, आकडा लिहिला, ओतून दिलं, तेच मोजपात्र घेऊन दुसऱ्या खाटेकडे, तिसऱ्या खाटेकडे, हातमोजेही तेच. सहा खाटा संपेपर्यंत पहिल्या पेशंटचा जंतू सहाही तोट्यांना लागलेला असतो. मामा कामचुकार नसतात. प्रत्येक पेशंटला वेगळं मोजपात्र द्यायचं, त्यावर खाटेचा नंबर टाकायचा आणि दोन पेशंटांच्या मध्ये हात धुवायला दोन मिनिटं मिळतील इतकी माणसं ठेवायची, हे ठरवणाऱ्यांचं काम असतं. तसंच हात धुवायच्या सिंकचं. त्याच्या ड्रेनमध्ये हे जंतू महिनोन्‌महिने राहतात, आणि उरलेला चहा, दूध, नळीतून द्यायचं पातळ खाणं त्यात ओतलं की त्यांना आयतं पोषण मिळतं. हे शेवटचं नातेवाईकही करतात, तेवढं आपण थांबवू शकतो.

म्हणून यजमानांना सांगा, आधी कागद मागा. अर्ज दिल्यापासून ७२ तासांत केसपेपरच्या प्रती मिळणं हा पेशंटचा हक्क आहे, वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत तो लिहिलेला आहे. सगळी कल्चर, कोणतं अँटिबायोटिक कधी सुरू झालं, नळ्या कोणत्या दिवशी घातल्या आणि काढल्या, हे बघून मग एखाद्या जाणत्या डॉक्टरांचं मत घ्या. रुग्णालयाला लेखी विचारा: तुमची संसर्ग नियंत्रण समिती आहे का, त्यासाठी वेगळी सिस्टर नेमलेली आहे का, या आयसीयूत व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया किती पेशंटांना होतो याची नोंद तुम्ही ठेवता का. उत्तरं नीट मिळाली तर रागाची जागा माहिती घेईल. टाळाटाळ झाली तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे तक्रार करा. खासगी रुग्णालयांची नोंदणी त्यांच्याकडेच असते, आणि राज्याच्या २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे. ग्राहक आयोगाचा (पूर्वीच्या ग्राहक मंचाचा) रस्ता त्यानंतरही मोकळा राहतो. बाबा वॉर्डात असेपर्यंत एक साधी गोष्ट करा. कोणी तपासायला आलं की हसून म्हणा, ‘आधी हात सॅनिटाइझ करता का प्लीज?’ अवघड वाटतं, मला माहीत आहे. चांगल्या सिस्टरला आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

घरी आल्यावर बाबांना झोपवून ठेवू नका. दिवसा खुर्चीत बसवा, जेवताना पाठ सरळ, दोन्ही वेळा दात किंवा कवळी घासून तोंड स्वच्छ. तोंडातले जंतू फुप्फुसात उतरूनच म्हाताऱ्यांना पुन्हा न्यूमोनिया होतो. पडून असतील तेव्हा दोन-दोन तासांनी कूस बदला, पाठ आणि टाचा बघा. फ्लू आणि न्यूमोकॉकस (न्यूमोनियाचा एक नेहमीचा जंतू) यांच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या. क्लेबसिएलावर त्या चालत नाहीत, पण त्यांनी दुसरे आजार टळतात, आणि आजार टळला की अँटिबायोटिक टळतं.

कल्चरच्या दोन्ही रिपोर्टांचे फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि कागद फाइलच्या पहिल्या पानाला लावा. बाबांना थंडी वाजून ताप आला, धाप लागली, एकाएकी बरळायला लागले किंवा गुंगीत गेले, लघवी खूप कमी झाली, तर घरातली कुठलीही गोळी न देता त्याच तासाला रुग्णालय गाठा. दारातच सांगा की यांच्याकडे कार्बापेनेमला दाद न देणारा क्लेबसिएला सापडलेला आहे. त्याने तिथले लोक सुरुवातीपासून योग्य औषध निवडू शकतील आणि शेजारच्या पेशंटलाही जपतील. रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायला सांगा. मात्र बाबांची अवस्था गंभीर असेल तर त्यासाठी औषधाला उशीर होऊ देऊ नका. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तो आला की डॉक्टरांना पुन्हा विचारा, सुरू केलेल्यांपैकी आता कोणतं औषध बंद करता येईल.